व्हायकिंग नायकाच्या विनोदी टाइम ट्रॅव्हल प्रेमकादंबऱ्या कुठून वाचायला घ्याव्यात? त्यातला व्हायकिंग कितपत खरा असतो?

सुरुवात सँड्रा हिलपासून करा. ही अमेरिकन लेखिका या प्रकारात इतकी रमली की तिच्या व्हायकिंग कादंबऱ्यांची एक लांबलचक मालिकाच झाली. हसवण्याच्या बाबतीत मला तरी तिच्या तोडीचं दुसरं कोणी सापडलेलं नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे यातला व्हायकिंग (साधारण हजार वर्षांपूर्वीचा स्कँडिनेव्हियातला दर्यावर्दी योद्धा) खरा की नुसताच दाढी आणि दंड, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. कारण या कादंबऱ्यांतला विनोद इतिहासाला जितका धरून असतो तितका तो रंगतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी पुस्तकं. या प्रकारात दोनच वाटा असतात. एक तर आजची बाई हजार वर्षं मागे जाते, नाहीतर तिकडचा पुरुष आपल्या काळात येऊन आदळतो. हिलची 1994 ची ‘द रिलक्टंट व्हायकिंग’ पहिल्या वाटेची. नायिका रूबीचा संसार मोडायला आलेला आहे. मनोबल वाढवणारी कॅसेट ऐकता ऐकता ती थेट दहाव्या शतकात पोचते. तिथला योद्धा थोर्क चेहऱ्याने हुबेहूब तिच्या नवऱ्यासारखा निघतो, आणि वर नवऱ्यासारखाच तिला टाळत फिरतो! हजार वर्षं ओलांडूनही भांडण तेच राहतं, ही कल्पनाच मला फार आवडते. 1998 ची ‘द लास्ट व्हायकिंग’ उलट्या दिशेची. अमेरिकेतल्या मेन राज्यात मध्ययुगाचा इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या दिवाणखान्यात चामड्याचा अंगरखा घातलेला सहा फूट चार इंची माणूस उभा राहतो आणि तिला वाटतं, कोणीतरी आपली फिरकी घेतंय. जोहाना लिंडसीची ‘अंटिल फॉरेव्हर’ (1995) हीसुद्धा याच जातीची. तिच्यात नायक एका शापित तलवारीला बांधलेला आहे. नायिका इथेही इतिहासाचीच प्राध्यापिका. विनोद आहे, पण हिलइतका मोकाट नाही.

माझी निवड विचाराल तर ‘ती तिकडे जाते’ ही वाट. तो इकडे आला की शॉवर, टीव्ही, लिफ्ट, गाडी यांवरचे विनोद आपोआप होतात आणि पन्नासेक पानांत संपतात. त्यानंतर लेखिकेला खरं काम करावं लागतं. ती तिकडे गेली की मात्र पहिल्या पानापासून ते जग उभं करावं लागतं: पायाखाली काय आहे, वास कसला येतोय, रात्री पांघरायला काय आहे. इथे अभ्यास असलेली लेखिका आणि नसलेली लेखिका यांच्यातला फरक लगेच कळतो.

उदाहरणार्थ यॉर्क. उत्तर इंग्लंडचं हे शहर 866 मध्ये व्हायकिंगांनी घेतलं आणि त्याचं योर्विक झालं. शेवटचा व्हायकिंग राजा एरिक ब्लडॲक्स याला 954 मध्ये तिथून हाकललं. मधल्या काळातल्या योर्विकबद्दल आपल्याला बरंच माहीत आहे, कारण 1976 ते 1981 या काळात कॉपरगेट भागात मोठं उत्खनन झालं. तिथली माती ओली, चिकट. तिच्यात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड, चामडं, लोकर असं एरवी कुजून जाणारं सगळं टिकून राहिलं. घरांच्या भिंती, बूट, सांबरशिंगाच्या फण्या, एका सुईने विणलेला लोकरी मोजासुद्धा. 1984 मध्ये त्याच जागी योर्विक व्हायकिंग सेंटर उघडलं आणि त्यांनी त्या गल्ल्यांचा वाससुद्धा पुन्हा तयार केला. यॉर्कमध्येच 1972 मध्ये एका बँकेच्या इमारतीसाठी खोदताना वीसेक सेंटिमीटर लांबीची, दगडासारखी झालेली मानवी विष्ठा सापडली होती. तिच्यात जंतांची असंख्य अंडी होती. म्हणजे त्या काळातल्या देखण्या योद्ध्याला पोटात जंत असण्याची दाट शक्यता होती. प्रेमकथेत हे कोणी लिहीत नाही, पण आजची एखादी नर्स तिकडे गेली तर तिला पहिल्यांदा काय दिसेल? मला ती कादंबरी वाचायला नक्की आवडेल.

आता गंमत अशी, की हेच लोक स्वतःच्या दिसण्याच्या बाबतीत भलते जागरूक होते. जॉन ऑफ वॉलिंगफर्डच्या नावाने ओळखली जाणारी तेराव्या शतकातली एक इंग्रजी बखर आहे. तिच्यात तक्रार केली आहे की इंग्लंडमध्ये राहणारे डेन, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात, कपडे वरचेवर बदलतात आणि अशा चाळ्यांनी आमच्या बायका-मुलींना भुलवतात. बखर त्या घटनांनंतर दोनेकशे वर्षांनी लिहिलेली, तेव्हा शब्दन् शब्द खरा धरू नये. पण उत्खननात जागोजागी निघालेल्या फण्या या तक्रारीला दुजोरा देतात. उलट बाजूने, बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान 921-22 च्या सुमारास व्होल्गाकाठी गेला होता. तिथल्या रुस, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या व्हायकिंग, व्यापाऱ्यांबद्दल तो लिहितो की अंगापिंडाने खजुराच्या झाडासारखे उंच, असे धडधाकट देह मी पाहिले नाहीत. आणि लगेच पुढे, की हे सगळे रोज सकाळी एकाच घंगाळातल्या पाण्यात तोंड धुतात, त्यातच नाक शिंकरतात, त्यातच थुंकतात आणि मग दासी तेच घंगाळ शेजाऱ्याकडे नेते. केस मात्र त्याच पाण्याने नीट विंचरतात. कल्पना करा, आजची नायिका त्या रांगेत शेवटून दुसरी बसली आहे आणि घंगाळ तिच्याकडे येतंय. लेखिकेने फक्त इतिहास वाचलेला हवा, प्रसंग तयारच आहे.

असाच दुसरा ऐवज अल-तर्तूशी या प्रवाशाकडे मिळतो. दहाव्या शतकात तो मुस्लिम स्पेनमधून निघून हेडेबी या व्यापारी गावी पोचला होता (आज ते ठिकाण उत्तर जर्मनीत आहे). तिथले पुरुष आणि बायका दोघंही डोळ्यांना काहीतरी लावून ते अधिक सुंदर करतात, असं त्याने नोंदवलंय. म्हणजे काजळ घातलेला व्हायकिंग ही कोणा चित्रपटवाल्याची टूम नाही. त्यांचं गाणं मात्र त्याला असह्य झालं; घशातून येणारा तो आवाज कुत्र्यांच्या भुंकण्यासारखा, किंबहुना त्याहून वाईट, असं तो म्हणतो. काजळ घालून, केस विंचरून आलेला देखणा नायक नायिकेसमोर प्रेमाने गायला तोंड उघडतो, याहून चांगलं विनोदी प्रेमदृश्य मला सुचत नाही.

त्याच अल-तर्तूशीने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि ती या कादंबऱ्यांसाठी सगळ्यात मोलाची आहे. तिथे घटस्फोटाचा हक्क बाईला असतो, तिला वाटेल तेव्हा ती वेगळी होऊ शकते. आइसलंडच्या सागांमध्येही, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथांमध्येही, बायका नवऱ्यांना सोडताना दिसतात. लाक्सदैला सागामध्ये गुद्रूनला नवरा नकोसा झालेला असतो. थोर्द नावाचा एक जण तिला युक्ती सांगतो: नवऱ्याला इतक्या मोठ्या गळ्याचा सदरा शिवून दे की तो बायकी दिसेल, मग तेवढ्या कारणावर सोड त्याला. ती तसंच करते. पुढे थोर्दही आपल्या बायकोला सोडतो. कारण काय, तर ती पुरुषासारखी विजार घालते. मग गुद्रून आणि थोर्द लग्न करतात. सोडलेली ती बायको खरोखरच विजार घालून, तलवार घेऊन रात्री येते आणि झोपलेल्या थोर्दला जखमी करून जाते. तेराव्या शतकात लिहिली गेलेली ही गोष्ट वाचताना विसावं शतक मध्ये आणायची गरजच वाटत नाही. म्हणून एखाद्या कादंबरीत आजची नायिका तिकडच्या ‘बिचाऱ्या’ बायकांना हक्क शिकवायला निघाली, की मला त्या लेखिकेचा राग येतो. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून घर, गुरं आणि कोठार सांभाळणारी ती यजमानीण या पाहुणीला चार गोष्टी शिकवील, असं दाखवलं तर विनोद दोन्ही काळांवर होतो. एकाच काळाची टिंगल चालली असेल तर ती लवकर शिळी होते.

विनोदाची जाण त्या लोकांना होती का, अशी शंका येत असेल तर ‘थ्रिम्सक्वीडा’ ही जुनी कविता शोधून वाचाच. थ्रिम नावाचा राक्षस मेघगर्जनेचा देव थोर याचा हातोडा चोरतो आणि तो परत देण्याच्या बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागतो. शेवटी थोरलाच नवरीचा वेश घालून, तोंडावर ओढणी घेऊन लग्नाला पाठवतात. सोबत लबाड देव लोकी करवलीसारखा. मेजवानीत ही ‘नवरी’ एक अख्खा बैल, आठ मासे आणि तीन पिंपं मद्य फस्त करते. राक्षस चकित होतो, तर लोकी म्हणतो की तुमच्या ओढीने बिचारीने आठ रात्री काही खाल्लं नव्हतं! मग हातोडा मांडीवर ठेवला जातो आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. आपल्या कीचकवधातला भीम ज्याने ऐकलाय-पाहिलाय त्या मराठी वाचकाला हे अगदी घरचं वाटेल. स्वतःच्या सगळ्यात दांडग्या देवाला नवरीचा शालू नेसवून हसणारे लोक मठ्ठ कसे असतील? तरीही कितीतरी कादंबऱ्यांत व्हायकिंग नायक हा फक्त गुरगुरणारा ढोल्या असतो. तिथे मी पुस्तक मिटते.

शिंगांचं एका वाक्यात उरकते: शिरस्त्राणावर शिंगं नव्हती, ती 1876 मध्ये जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्याच्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसली; नॉर्वेत येर्मुंडबूला 1943 मध्ये सापडलेलं खरं शिरस्त्राण साधं, गोल आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी असलेलं आहे. मुखपृष्ठावर शिंगं दिसली म्हणून पुस्तक टाकू नका, मुखपृष्ठ लेखिका काढत नाही. आतल्या पानांत दिसली तर मात्र विचार करा.

आणि हो, व्हायकिंग थेट अमेरिकेत येऊन पडतो हे वाटतं तेवढं अचाट नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे 1960 मध्ये त्यांची वस्ती सापडली, आणि तिथलं लाकूड 1021 साली तोडलेलं होतं हे 2021 मध्ये सिद्ध झालं. लेखिकेने वर्ष बदललं, किनारा जवळपास तोच ठेवला. आज कोणी नवी कादंबरी लिहीत असेल तर तिच्यासाठी आणखी एक गोष्ट आयती आहे: फोनवरच्या ब्लूटूथला नाव मिळालं ते डेन्मार्कचा दहाव्या शतकातला राजा हाराल्ड ब्लूटूथ याचं, आणि त्या खुणेतही त्याच्या नावाची दोन रून अक्षरं, म्हणजे व्हायकिंगांच्या लिपीतली अक्षरं, गुंफलेली आहेत. तिकडून आलेल्या माणसाला ती खूण वाचता येईल!

आता एक गंभीर गोष्ट, जी मी टाळणार नाही. व्हायकिंगांच्या वैभवाचा मोठा भाग गुलामांच्या व्यापारावर उभा होता. 841 मध्ये त्यांनी डब्लिनला तळ ठोकला आणि ते पुढे गुलामांची मोठी बाजारपेठ झालं. इब्न फदलानने एका सरदाराच्या अंत्यविधीत गुलाम मुलीचा बळी दिलेला स्वतः पाहिला आणि तपशीलवार लिहिला. ती पानं वाचवत नाहीत. प्रेमकथेचा नायक याच समाजातून येतो. ज्या कादंबऱ्यांत नायिकेला पकडून आणणं, तिला दासी करणं हेच गोड गोड प्रणयाचं निमित्त होतं, त्या मला सहन होत नाहीत, विनोद कितीही चांगला असो. ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ व्हायकिंग प्रेमकादंबऱ्या इथेच अडकलेल्या आहेत. टाइम ट्रॅव्हलच्या कथेला यातून सुटायची एक वाट असते: नायिका आजची असल्यामुळे ती प्रश्न विचारू शकते आणि नायकाला उत्तर द्यावं लागतं. चांगल्या लेखिका त्याला खरंच उत्तर द्यायला लावतात, आणि तिथे तुम्हाला त्या माणसाबद्दल प्रेम वाटू लागतं. बाकीच्या लेखिका घरातल्या दासींना पार्श्वभूमीला भाकऱ्या भाजायला ठेवून देतात. पुस्तक चाळताना मी सगळ्यात आधी हेच पाहते, की घरातलं काम कोण करतंय आणि नायिकेचं त्यांच्याकडे लक्ष जातं का.

मिळण्याच्या दृष्टीने ई-बुक सगळ्यात सोपं. जुन्या छापील प्रती हव्या असतील तर मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या आसपास फुटपाथवर किंवा पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांचे गठ्ठे असतात, ते चिकाटीने उलटावे लागतात. हिलच्या काही कादंबऱ्या पुढे वेगळ्या नावानेही निघाल्या आहेत, त्यामुळे विकत घेण्याआधी मागच्या पानावरचं कथासूत्र वाचून घ्या, नाहीतर एकच पुस्तक दोनदा घेतलं जाईल. प्रणयदृश्यं उघड आणि सविस्तर असतात, हेही माहीत असू द्या. सुरुवात ‘द रिलक्टंट व्हायकिंग’नेच करा, आणि ती आवडली तर लगेच पुढचा भाग न घेता मध्ये लाक्सदैला सागा वाचा, तिची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. मग पुन्हा हिलकडे या. तिचे कोणते विनोद त्या जगातून आले आहेत आणि कोणते नुसते तिच्या डोक्यातून, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.