स्थगिती मागशील, तेव्हा व्याजाचंही माग

जुने सिडको, नाशिक

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं निवेदन दोनदा वाचलं. ‘मंदी सरेपर्यंत राहत्या घरांच्या जप्त्या आणि लिलाव थांबवा’ ही मागणी रास्त आहे, ती धरून ठेव. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामावरून कमी केलेल्या माणसाने मंदी आणलेली नसते. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत धरलं जातं, आणि पुढे घर त्याचंच जातं. ‘कर्जबुडव्यांची बाजू घेता’ असं तोंडावर म्हणणारे भेटतील. त्यांना उत्तर देत बसू नकोस, कामाला लाग.

निवेदन तू जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहिलं आहेस. आम्हीही वर्षानुवर्षं तेच करत आलो. पण सरफेसी, म्हणजे बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याच्या कलम १४ खाली त्यांचं काम इतकंच, की बँकेचे कागद पुरे असले तर ताबा मिळवून द्यायचा. माणूस किती अडचणीत आहे हे तोलायचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेलाच नाही. बँकिंग हा केंद्राचा विषय. म्हणून मागणी रिझर्व्ह बँकेकडे आणि केंद्रीय अर्थमंत्रालयाकडे जायला हवी, आणि तिच्यामागे आपल्या खासदाराचं पत्र हवं. पतसंस्थेचं कर्ज निराळं. तिथे वसुलीचा, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा दाखला सहकार खात्याकडून निघतो, म्हणजे ते दार राज्य सरकारचं. सह्या गोळा करतानाच बँकवाले आणि पतसंस्थावाले वेगळे लिही. धरणं मात्र कलेक्टर कचेरीसमोरच धर, गाव तिथेच बघतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. तुझ्या निवेदनात ‘थांबवा’ आहे, पण थांबलेल्या महिन्यांचं व्याज कोण भरणार ते नाही.

२०२० आठव. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. आमच्या गल्लीत लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. व्याज मात्र चालूच होतं. वही घे आणि मांडून बघ: २० लाखांचं नवं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण १८ हजार. सहा महिने काहीच भरलं नाही तर सुमारे ९१,७०० रुपये मुद्दलात चढतात. हप्ता तेवढाच ठेवला तर कर्ज जवळपास ४१ महिने लांबतं. सहा हप्ते टळले, शेवटी एक्केचाळीस वाढले. पुढे सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत दिलं. या हिशेबात ती रक्कम येते सुमारे १,७०० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ च्या निकालात चक्रवाढ सगळ्यांचीच काढली, पण मूळ व्याज माफ करायला नकार दिला. म्हणून तुझ्या मागणीत स्पष्ट लिही: स्थगितीच्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवू नये, आणि ते कर्जदार, बँक, सरकार यांनी कसं वाटून घ्यायचं ते आधी ठरावं.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणालं तर त्याला मिनेसोटा सांग. अमेरिकेतल्या महामंदीत, १९३३ साली, त्या राज्याने घर सोडवून घेण्याची मुदत वाढवणारा कायदा केला. मुदत फुकट नव्हती, दरम्यान न्यायालय ठरवेल ती वाजवी रक्कम भरायची होती. १९३४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. ‘आम्ही जमेल तेवढं भरतो, घर राहू द्या’ असं म्हणणाऱ्याला बुडव्या म्हणणं जड जातं.

आणि आपलंच उदाहरण हवं असेल तर पुणे जिल्ह्यातलं १८७५ चं सुपे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तिथला कापूस बाजारात परतला, आपल्या कापसाचे भाव कोसळले, आणि पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यातून १८७९ चा कायदा आला. रोख्यावर काय लिहिलंय तेवढंच न बघता व्यवहार मुळापासून तपासायचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. शेतकऱ्याचा हिशेब पुन्हा उघडला गेला. मला त्या कायद्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

एक गोष्ट सांगायला मला जड जाते, पण तुला कळायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही पवननगरच्या एका कुटुंबासाठी उपोषणाला बसलो होतो. पेपरात फोटो आले, आश्वासनं मिळाली. दाराला ताब्याची नोटीस लागल्यापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. ते न्यायाधिकरण नाशिकला नाही, बाहेरगावी जावं लागतं. आम्ही घोषणा देत राहिलो आणि मुदत निघून गेली. त्या बाईने मला कधी बोल लावला नाही. तिचं सामान टेम्पोत चढताना मी उभा होतो, तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

म्हणून आंदोलन एका हाताने आणि तारखा दुसऱ्या हाताने. पहिली नोटीस ६० दिवसांची असते. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ही हरकत बहुतेक लोक देतच नाहीत, कारण नोटीस ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली लपवतात. लाज वाटते. बायकोला ठाऊक नसतं, जामीनदार झालेल्या मेव्हण्याला ठाऊक नसतं. तुझी खरी मेहनत इथे लागणार आहे. भाषण नको देऊस, घरी जा, चहा घे, बस. एकाने नोटीस बाहेर काढली की शेजारचाही काढतो.

शेतकरी सोबत येतील तेव्हा त्यांना सांग, की शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. त्यांची लढाई सहकारी वसुलीशी आहे आणि तिचे कागद वेगळे.

रविवारी सकाळी सगळ्यांना बोलाव, मी येतो. प्रत्येकाने नोटीस आणायची, पासबुक आणायचं आणि नोटिशीचं पाकीटही आणायचं. पाकीट फेकलं असेल तर आधी घरात शोधा. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख मला हवी आहे.

तुझा,
काका