बिडी सोडलेल्या गरोदर बाईचा रिपोर्ट वाचताना

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. धारूरकडच्या त्या ऊसतोड बाईनं तिसऱ्या महिन्यात बिडी सोडली आणि सातव्यात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी साडेबारा हजार. नवरा विचारतो, "सोडून काय उपयोग झाला?" तू नवीन आशा सेविका, घाईनं उत्तर दिलं नाहीस, बरं केलंस.

रिपोर्टवर चार ते अकरा हजार छापलेलं असतं, ते गरोदर नसलेल्या माणसाचं. पोटुशीपणात या पेशी आपोआप वाढतात, शेवटच्या महिन्यांत पंधरा हजारांपर्यंतही जातात. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, अंगावरून घाण पाणी जात नाही, तर एवढ्या आकड्यानं घाबरायचं नाही. तरी कागद डॉक्टरांना दाखवच. पण बिडी सोडल्याचा हिशोब या आकड्यावरून लावू नकोस.

खरा फायदा वेगळीकडे आहे. धुरानं फुप्फुसाचं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर रोज दुखावतं. शरीर तिथं पेशी धाडत राहतं, दाह पेटता राहतो आणि रक्तातून बाळाच्या वारेपर्यंत त्याची झळ पोचते. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. म्हणून ओढणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कागदावर थोडं जास्त दिसतं, त्यानं फसायचं नाही. बिडी थांबली की हा वायू दिवसभरात उतरतो. धुरामुळं वाढलेल्या पेशी काही आठवड्यांत कमी व्हायला लागतात. सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा रक्तातला आकडा, मात्र आळशी, त्याला उतरायला वर्षं लागतात.

म्हणून बाळाकडं बघ. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २००९ च्या एका अभ्यासात, पंधराव्या आठवड्याआधी सोडलेल्या बायकांची अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं आणि खुजी बाळं न ओढणाऱ्यांइतकीच निघाली. तुझी बाई त्या मुदतीत बसते. नवऱ्याला हेच सांग, आणि त्याची बिडी अंगणाबाहेर काढ. उशिरा सोडणारीलाही फायदा आहेच, दार बंद झालं असं कुणाला म्हणू नकोस.

"दहाच्या दोनवर आले" म्हणणाऱ्या भेटतील. कमी बिड्या ओढणारी झुरका लांब घेते, दम धरून ठेवते. पूर्णच सुटली पाहिजे.

मिसरीवाल्या मात्र तुला जास्त भेटतील. धुराचे आकडे त्यांना चिकटवू नकोस, तिथं धूर नाही. पण निकोटीन आहे, आणि हिरड्यांचं काय होतं ते तू बघतेसच. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेल्या पाहणीत (२००४) तंबाखू-मिसरीवाल्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती. आधीच अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला तेवढंही पुष्कळ.

आणि ओरडू नकोस गं. फडावर पहाटे चारला उठून उपाशीपोटी मोळ्या उचलणारी बाई भूक मारायला तंबाखू धरते. आधी भाकर-शेंगदाण्याचं बघ, मग तंबाखूचं बोल. निकोटीनचा च्युइंगगम मेडिकलवरून आपल्या मनानं आणू देऊ नको, डॉक्टरांना विचारूनच.

बाळंतीण झाल्यावर पुष्कळजणी पुन्हा सुरू करतात, आणि निकोटीन दुधातून जातं. बाळ बघायला जाशील तेव्हा लसीबरोबर हेही विचार. तलफ आवरेना तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर तिच्या मोबाइलमध्ये आत्ताच टाकून दे, टोळी गाव सोडायच्या आत.

तुझी,
ताई