पोर्तुगालला पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदाच जाताय ना, मग लिस्बनला निदान चार दिवस द्याच. शहर सगळं चढउताराचं आणि फरसबंदी गुळगुळीत दगडांची. पाऊस पडला की पाय सटकतोच, म्हणून चांगली पकड असलेले बूट न्या. १७५५च्या भूकंपात छप्पर कोसळलेलं कार्मोचं चर्च आजही तसंच उघडं उभं आहे. कमानींमधून थेट आभाळ दिसतं. ते अजिबात चुकवू नका. जवळच्या सिंत्रा या राजवाड्यांच्या गावाला लिस्बनच्या रोसियू स्टेशनवरून लोकल मिळते. हॉटेलात न मागता पाव आणि ऑलिव्ह टेबलावर येतात, खाल्ले तर पैसे लागतात. नको असतील तर सरळ परत द्या. आणि कान उघडे ठेवा: 'शाव' म्हणजे आपली चावी, 'बताता' म्हणजे बटाटा. बेकरीत 'पाँव' ऐकलं तेव्हा मला फार आपलंसं वाटलं होतं.