सकाळची लिंगाची ताठरता महिनाभर बंद आहे, काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय ४२, घर घोडबंदर रोडला, शिफ्ट पहाटेची. मग आधी झोप बघा. स्वप्नांच्या झोपेत निरोगी पुरुषाला रात्रीतून ३ ते ५ वेळा ताठरता येते, सकाळची ही त्यातलीच शेवटची. रात्री १ला आडवं होऊन ४ला अलार्म, मग अंधारात ठाणे स्टेशनची बस. नेमकी तीच झोप तुटते.

पुरेशी झोप होऊनही फरक नसेल तर अंगावर काढू नका, लाजू तर मुळीच नका. लिंगाच्या धमन्या १-२ मिमीच्या, हृदयाच्या ३-४ मिमीच्या, त्यामुळे रक्तवाहिन्यांतला अडथळा बऱ्याचदा आधी इथे जाणवतो. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासून डॉक्टरांना दाखवा. सिगारेट असेल तर आजच सोडा, मनापासून सांगतोय.