ऍलर्जीच्या घोड्याला कुठलं सप्लिमेंट? आधी चालू आहेत ते डबे बंद करा

घोड्याच्या अंगावर गांधी उठतात, आयाळ घासून घासून झडली आहे, तर गोव्याच्या हवेत कुठलं सप्लिमेंट सुरक्षित, असा तुमचा प्रश्न. ब्रँडचं नाव माझ्याकडून मिळणार नाही. ज्या डब्यावर आतल्या प्रत्येक घटकाचं नाव आणि प्रमाण छापलेलं नाही, तो डबा पागेत येता कामा नये, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. यावरून आमच्या घरात मोठं भांडण झालेलं आहे.

आमची घोडी वरातीची. पागा डिचोलीच्या बाजूला, कुळागराच्या कडेला. पोफळींची सावली, शेजारून पाट, पावसाळाभर जमीन सुकायचं नाव नाही. पाऊस लागला की घोडी मान आणि शेपटीचं मूळ फणसाच्या बुंध्याला घासायची. साल तिथे गुळगुळीत झाली होती, फटींत पांढरे केस अडकलेले असायचे. मामेभाऊ धंद्यात भागीदार. त्याच्या मते घोडीला ताकद कमी पडत होती, म्हणून तो केसांच्या चकाकीचा भला मोठा डबा घेऊन आला. ‘वखद न्हय तें, ताकद!’ (औषध नव्हे ते, ताकद) हे त्याचं पालुपद. चंदीत मूठभर पावडर पडायला लागली आणि मानेवर, बरगड्यांवर रुपयाएवढ्या गांधी आल्या. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. भाऊ म्हणाला, अंगातलं विष बाहेर पडतंय. हे वाक्य आजही कानावर आलं की माझं डोकं तापतं. गांधी म्हणजे शरीर त्या पदार्थावर उलटलेलं असतं, बाहेर काहीही पडत नसतं!

पशुवैद्यांनी सगळं थांबवलं. पावडर, पेलेट, गूळ, चणे, कोंडा, सगळंच. घाटावरून येणारं एकाच जातीचं सुकं गवत, पाणी आणि साधं मीठ, बस्स. गांधी ओसरल्या. मग एकेक पदार्थ परत सुरू केला, दोघांच्या मध्ये दोन-तीन आठवडे सोडून. सोयाबीन पोटात गेलं की गांधी हजर. त्या डब्यावर सोयाचं नाव कुठेच नव्हतं, नुसतं ‘वनस्पतिजन्य प्रथिनं’ असं छापलेलं. म्हणून म्हणतो, लेबल वाचा, आणि असले गोलमोल शब्द दिसले की डबा खाली ठेवा. अन्नाची ऍलर्जी रक्तावरून सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालू नका, त्यांचा भरवसा नाही. काढून बघायचं, मग घालून बघायचं, हाच मार्ग.

घासणं मात्र नुसत्या गवतावरही थांबलं नाही, कारण ते चिलटांचं होतं. क्युलिकॉइडिस जातीची ही बारीक चिलटं ओल्या मातीत आणि शेणात वाढतात, पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतात, आणि त्यांच्या लाळेची ऍलर्जी ही घोड्यांतली सगळ्यात नेहमीची. अन्नाची त्या मानाने क्वचित. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही. आम्ही पागा कुळागरातून उचलून वर सड्यावर नेली, आत मोठा पंखा लावला, संध्याकाळी बारीक जाळीची झूल घालायला सुरुवात केली. पुढच्या पावसात आयाळ भरून आली. भावाच्या मते हा डब्याचाच उशिरा आलेला गुण. डबा तोवर कधीच उकिरड्यात गेला होता.

आयाळ झडते म्हणून खनिजांची पावडर देणाऱ्यांनी सेलेनियमबद्दल जरूर वाचावं. 500 किलोच्या घोड्याला ते दिवसाला साधारण 1 मिलिग्रॅम पुरतं. रोज जास्त गेलं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खुरांना भेगा पडतात. म्हणजे केसांसाठी दिलेली पावडरच केस खाते. दोन-तीन डबे एकदम चालू असतील तर तिन्हींतलं सेलेनियम कागदावर मांडून बेरीज करा. 2009 च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात पोलोचे 21 घोडे मेले, ते टोचलेल्या पूरक औषधात सेलेनियमचं प्रमाण चुकल्यामुळे.

काही द्यायचंच असेल तर जवस. कॅनडात गुएल्फला 2002 साली चिलटांची ऍलर्जी असलेल्या घोड्यांना जवस देऊन पाहिलं, तेव्हा त्वचेवरची प्रतिक्रिया कमी दिसली. घोडे सहाच होते, तेव्हा चमत्काराची आशा नको. आपल्या दमट हवेत दळलेलं जवस लगेच खवट होतं, लागेल तेवढंच दळा. चिलटं पळवायला लसूण चारू नका, जास्त झाला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्य तर चुकूनही नको. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं, आणि गाईला चालणारं मोनेन्सिन घोड्याचा जीव घेतं.

नुसत्या गवताचा प्रयोग गाभण घोडीवर, शिंगरावर किंवा रोज कामाला जाणाऱ्या घोड्यावर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय करू नका. आणि ओठ, पापण्या सुजल्या किंवा श्वास घरघरला, तर हे उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरांना फोन लावा. त्यांनी स्टेरॉइड दिलं तर सांगितलेल्या दिवसांपलीकडे ते आपल्या मनाने चालू ठेवू नका, खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो.