पहिला रॉड कोणता घ्यावा?

प्रश्न : मोबाईलवर बास या माशाची मासेमारी पाहून नाद लागला. रॉड आणि नकली आमिष कोणतं घेऊ? – एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : बास अमेरिकेचा, भाऊ, आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात तसाच दबा धरून झडप घालणारा मरळ आहे ना! साडेसहा-सात फुटी मीडियम हेवी (म्हणजे जरा ताठ) स्पिनिंग रॉड घ्या, ज्याचं रीळ खाली लटकतं, आणि ३० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी. आमिष एकच, रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून कमळाच्या वेलात सहसा अडकत नाहीत. पानावर टाका, थांबा, हळूच पाण्यात घसरू द्या. फटकन आवाज आला तरी लगेच झटका देऊ नका. माझे पहिले चार मरळ तसेच सुटले. मनात ‘एक, दोन’ म्हणा, मग ओढा. लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर गळ आवरा, खाली मायबाप राखण करत असतात. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल, तर आधी विचारा.