एकाच कामगाराला पुन्हा पुन्हा दुखापत का होते?

तुमच्या भावाचं बोट आधी पॉवर प्रेसमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनमध्ये, गेलं, तो परत कामावर लागला आणि आता दुसऱ्या हाताला मार बसला. कंपनी म्हणते, हा निष्काळजी आहे, याला क्लेमची सवय लागलीय. यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते फारच थोडं.

भोसरी-चाकणच्या जखमी कामगारांचे ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) कागद मी बरीच वर्षं भरून देतोय. दुसऱ्यांदा आलेल्याला मी आधी विचारतो, मशीन तेच होतं का? बहुतेकदा उत्तर 'हो' असतं. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं, हात आत असताना मशीन थांबवणारा सेन्सर बायपास केलेला, कारण त्याशिवाय तासाचा आकडा निघत नाही. जुन्या प्रेसचा क्लच झिजला की पॅडलवर पाय नसतानाही दुसरा स्ट्रोक पडतो. तिथे सावध माणसाचाही हात जातो.

मग येतं अर्धवट बरं होऊन परतणं. तात्पुरत्या अपंगत्वात ईएसआय मजुरीच्या 90 टक्के देतं, पण पैसे हातात पडायला वेळ लागतो आणि ठेकेदार जागा भरून टाकेल ही धास्ती असतेच. तुटलेल्या बोटाचं टोक बधिर असतं, नाहीतर नुसत्या स्पर्शाने कळ जाते. पकड कमी झालेली असते. त्याच हाताने तो पुन्हा डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) पत्रा सरकवतो. कंबरेचंही तसंच, एकदा भरली की पुन्हा भरण्याचा धोका वाढतो. त्यात बारा तासांची रात्रपाळी आणि न शिकवलेलं काम आलं की बघायलाच नको.

आता क्लेमचं. दुसरा अपघात ही वेगळी नोंद, त्याचं मूल्यमापनही वेगळं. कंपनीकडून अपघाताचा फॉर्म 12 गेला का, ते आजच विचारा. कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे दुखापतींच्या यादीत, पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असं धरतात, मधल्या बोटाला 12, अंगठ्याला 30 टक्के. आणि 'निष्काळजी' या शब्दाने घाबरू नका. सूचना मोडून केलेलं कामही मालकाच्या धंद्यासाठीच केलेलं असेल, तर ईएसआयच्या कायद्यात तो कामावरचाच अपघात ठरतो.

भाऊ हजर होण्याआधी प्रेस दुरुस्त झाली का, गार्ड बसवला का, हे कंपनीला लेखी विचारा आणि पोच घ्या. ठेकेदार बदलला असेल तरी ईएसआयचा नंबर जुनाच द्या, म्हणजे पहिल्या दुखापतीची नोंद तुटणार नाही.